हुसेनमियाँचा अर्धा डाग

या ग्रंथाच्या संपादकांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. लेख गंभीर असावा, आणि लेखात तक्रार नसावी. पहिली अट मी होता होईल तो पाळीन. दुसरी पाळता येत नाही, कारण तक्रार फार जुनी आहे आणि ती दाखल करून घेणारे न्यायासन मला नेकनुरातही आढळले नाही व बीडच्या कचेरीतही आढळले नाही. तक्रार अशी की, ज्यांच्या साठाव्या वर्षाचा हा समारंभ आपण करीत आहोत, त्या हुसेनमियाँ रंगरेजांनी वर्तमानपत्रावर पडलेल्या डागांची शेकडो चित्रे काढली, पण त्यांत माझ्या मजकुरावर पडलेल्या डागाचे चित्र एकच आहे. अग्रलेखांवर डाग आहेत. परगावच्या कज्जेदलालीच्या बातम्यांवर आहेत. केस वाढवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीवर तर इतके आहेत की आमच्या गावात टकले किती याचा अदमास त्यावरून बांधता यावा. मी एकवीस वर्षे या भागाचा बातमीदार आहे, आणि माझा रकाना कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ.

"तुमचा मजकूर लई साफ असतो, पंडतजी," असे हुसेनमियाँ मला दर आठवड्याला म्हणत. दोन वर्षे मी ही स्तुती समजत होतो. मग एकदा त्यांनी आपला सिद्धान्त सांगितला. माणूस जे मन लावून वाचतो, त्यावरच त्याच्या हातचे सांडते. त्यानंतर मी ती स्तुती समजणे बंद केले.

तो जो एक डाग माझ्या मजकुरावर पडला, त्याचेच चित्र हुसेनमियाँ गेली सहा वर्षे काढीत होते. पुरे होत नव्हते. गेल्या कार्तिकापासून त्यांनी बोरू हाती धरलेला नाही, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आहे. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे लिहितो ते अशासाठी, की हे कोणाविषयी चालले आहे ते वाचकांना नीट कळावे.

आमची पहिली भेट एका उपरण्यामुळे झाली. पैठणच्या पाठशाळेत नऊ वर्षे न्यायशास्त्र घोकून मी नेकनुरात आलो होतो. जगातल्या प्रत्येक कार्याला कारण असते याविषयी माझी खात्री होती, फक्त पोट भरण्याचे कारण सापडत नव्हते. चार घरच्या शिकवण्या आणि पुण्याकडच्या एका साप्ताहिकाची बातमीदारी, एवढ्यावर संसार. बीडला एका थोर गृहस्थांच्या सत्कारात स्वागताचे श्लोक म्हणायचे मला आमंत्रण आले, आणि आदल्या दिवशी सकाळी माझ्या एकुलत्या एका बऱ्या उपरण्यावर दौत कलंडली. कोणीतरी म्हणाले, ओढ्याकाठच्या रंगरेजाकडे जा.

हुसेनमियाँ तेव्हा चाळिशीत असतील. कोपरापर्यंत हात निळे. त्यांनी उपरणे हातात घेतले, डाग ओला केला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू शाई मी प्यालो होतो.

"हे निघायचं न्हाई," ते म्हणाले. "डाग काढाया गेलं की कापड जातं. त्यापरीस सगळं कापड डागाच्या रंगाचं करू."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी ते उपरणे मला घरी आणून दिले. गर्द, काळसर निळे, पावसाळी संध्याकाळच्या आभाळासारखे. बीडला त्या थोर गृहस्थांनी माझ्या श्लोकांविषयी अवाक्षर काढले नाही, पण उपरणे कुठे मिळाले ते दोनदा विचारले. परत आल्यावर मी हुसेनमियाँना विचारले की त्या डागाचे शेवटी काय झाले. ते म्हणाले, "तिथंच हाय. आता फक्त तुमाला ठावं हाय, एवढंच." हे बोलणे त्या दिवशी मला चतुर वाटले होते. ते नुसते चतुर नव्हते हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

त्याच दिवशी त्यांच्या दुकानात दोरीवर अडकवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांकडे माझे प्रथम लक्ष गेले. प्रत्येकावर एकेक निळा, लाल किंवा कुसुंबी ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या काठाने बोरूची बारीक रेघ. हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. रांजणातला रंग पिकला की कच्चा आहे, हे पाहण्यासाठी ते वर्तमानपत्रावर थेंब टाकीत. हा कागद हलका आणि तहानलेला, थेंब पडला की लगेच पसरतो, मध्ये फिका होतो आणि काठाशी गडद. काठ कसा बसतो यावरून रंगाचा जोर कळतो. पण ठिपका दिवसागणिक फिका पडत जाई, म्हणून आठवणीसाठी ते काठाची रेघ काढून ठेवीत. वैद्यबुवांचे पागोटे तीन वर्षांनी पुन्हा रंगायला आले, तर हुसेनमियाँ दोरीवरचा नेमका कागद काढून रांजण त्याला जुळवीत. त्यांच्या चित्रकलेची सुरुवात ही एवढीच. हौस नव्हती, आणि कोणी गुरूही नव्हता. गिऱ्हाइकाला मागचाच रंग मिळावा एवढी फिकीर होती.

पुढे विलायती पुड्या बाजारात आल्या. पुडीच्या रंगाला थेंब टाकून पाहावे लागत नाही, पुडीवर सगळे छापलेले असते. नेकनूरच्या बाजारात लोक पुड्या विकत घेऊन घरीच कापडे बुचकळू लागले. हुसेनमियाँचे रांजण सातावरून दोनावर आले. रांजण कमी होत गेले, तसा त्यांचा बोरूवर वेळ जास्त जाऊ लागला. याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. एकदाच म्हणाले की पुडीच्या रंगाला वास नसतो, त्यामुळे तो आत काय करतोय ते कळत नाही.

आता वर्तमानपत्राचे सांगतो. गावात आमच्या साप्ताहिकाचा अंक एकच येई, तोही बातमीदार म्हणून माझ्या नावे. मी वाचला की तो वकीलसाहेबांकडे जाई, तिथून वैद्यबुवांकडे, तिथून किराणावाले मोतीशेट यांच्याकडे, आणि सर्वांच्या शेवटी हुसेनमियाँकडे. हुसेनमियाँना मराठी अक्षर येत नाही. पण चार घरे फिरून आलेला तो अंक ते आमच्यापेक्षा बारकाईने वाचीत. मला हाताला धरून दाखवीत, की हे बघा, वकीलसाब इथे थबकले, पानाचा थेंब दोनदा पडलाय. वैद्यबुवांचा एरंडेलाचा अंगठा प्लेगच्या बातमीवर तीनदा उमटला, "कावून? मनात धास्ती हाय." मोतीशेटांचा गूळ फक्त बाजारभावावर. सगळ्या गावाने काय वाचले आणि वाचताना कोण कुठे थबकले, हे त्यांना माहीत असे. गावात कोणी काय वाचले ही बातमी मला त्यांच्याकडून मिळे.

माझ्या स्वतःच्या मजकुरापुरती एक वहिवाट होती. सर्वांचे वाचून झाल्यावर, दर शनिवारी मी हुसेनमियाँच्या दुकानी जाऊन, त्यांच्याच कात्रीने माझी बातमी कापून घेई आणि घरी वहीत डकवी. उरलेला अंक त्यांचा. त्यामुळे त्यांच्या पुष्कळ चित्रांत मधोमध एक चौकोनी खिडकी दिसते. कोणी परगावचा रसिक पुढेमागे ती चित्रे पाहील आणि या खिडकीचा गूढ अर्थ लावील, म्हणून लिहून ठेवतो की ती खिडकी म्हणजे माझी हौस आहे.

हळूहळू त्यांनी रंगाचे थेंब टाकायचे सोडले आणि अंकावर आयते आलेले डाग काढायला लागले. वरणाचा, काढ्याचा, तंबाखूचा, पावसाचा. आधी नुसता काठ. मग काठाच्या आत, डाग जसजसा वाळत जाई तसतशी एकेक रेघ. एक डाग वाळेपर्यंत ते त्याच्यापाशी बसून राहत. कधी आठ रेघा होत, कधी वीस. त्यांत आकृत्या शोधण्याचा मोह आम्हा सगळ्यांना होई. एका चित्रात मला साक्षात गजानन दिसला, सोंडेसकट, आणि मी तो भक्तिभावाने त्यांना दाखवला. हुसेनमियाँनी कागद जवळ घेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "वरणाचा डाग हाय, पंडतजी. वरणाचाच ऱ्हाऊ द्या."

एवढ्या निरुपद्रवी माणसावरही एकदा बालंट आलेच. बाहेरच्या वर्तमानपत्रांवर सरकारची करडी नजर होती, त्या दिवसांत पोलिसांचे एक नवे अमीनसाहेब गस्तीला आले. त्यांना दोरीवरचे कागद दिसले आणि ते नकाशे आहेत अशी त्यांची पक्की खात्री झाली. एक त्यांना धारूरचा किल्ला वाटला, दुसरा मांजरसुंब्याचा घाट. हुसेनमियाँ हात जोडून सांगत होते, "हुजूर, ये किल्ला नहीं, ये वकीलसाब का पान है." अमीनसाहेबांना यात सरकारची टवाळी दिसली. शेवटी वकीलसाहेबांनाच बोलावणे धाडले. आमच्या वकीलसाहेबांनी साऱ्या हयातीत इतकी अवघड साक्ष दिली नसेल. त्यांना अमीनसाहेबांसमोर पान खाऊन, वर्तमानपत्र वाचत वाचत, त्यावर नेहमीसारखा थेंब पाडून दाखवावा लागला. पहिले तीन थेंब संकोचामुळे अगदीच गोल पडले. चौथा धारूरच्या किल्ल्यासारखा पडला. प्रत्यक्ष प्रमाणापुढे अमीनसाहेबांचा नाइलाज झाला. जाताना 'तपासासाठी' म्हणून त्यांनी एक कागद सोबत नेला, तो काही परत आला नाही. नंतर कळले की तो त्यांनी आपल्या बैठकीत लावला आहे आणि पाहुण्यांना घाट दाखवतात.

त्या दिवशी आडोशाला उभी राहून हमीदा इतकी हसली की तिच्या आईला, म्हणजे आमच्या चाचींना, तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला. हमीदा ही हुसेनमियाँची एकुलती लेक. रांजणावर वाकून नुसत्या वासाने नीळ आंबून कधी जागी झाली ते ती सांगे, आणि त्यात बापापेक्षा कमी चुके. पुढे तिला धारूरला दिली. मानमोडीच्या, त्या जीवघेण्या तापाच्या साथीच्या साली ती माहेरी आली होती.

त्या तापाचे वर्णन करण्याचे कारण नाही, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात त्याची आठवण आहे. हमीदा पाच दिवस पडून होती. वैद्यबुवा गुळवेल, अडुळसा आणि सुंठीचा काढा देत होते. चौथ्या दिवशी दुपारी वाटी तिच्या उशाशी ठेवली होती, आणि वाटीखाली त्या आठवड्याचा अंक. चाची चुलीपाशी होत्या. हुसेनमियाँ पाणी आणायला बाहेर गेले होते. ते घागर घेऊन परत आले तेव्हा वाटी कलंडलेली होती, काढा अंकावर सांडला होता आणि हमीदाने डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिचे अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळे सरकारी हुकमाप्रमाणे जाळले. वाळलेला तो अंक तेवढा हुसेनमियाँनी कोनाड्यात ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी मी समाचाराला गेलो. शब्दांवर जगणारा माणूस मी, पण त्या घरात मला एक शब्द सापडेना. हुसेनमियाँ भिंतीला टेकून बसले होते. मी बसलो. मग मला कोनाड्यात अंक दिसला, आणि कात्री नेहमीच्या खिळ्याला होती. हात जे दर शनिवारी करीत आले तेच त्यांनी केले. मी उठलो, अंक उलगडला, माझी बातमी कापली आणि घडी घालून खिशात ठेवली. चाची दाराआडून काहीतरी म्हणू लागल्या होत्या, हुसेनमियाँनी हात वर करून त्यांना थांबवले, एवढे मला अंधुक आठवते. मी त्यांचा निरोप घेऊन घरी आलो.

कापलेला तुकडा वहीत डकवताना मी पाहिले की त्यावर तपकिरी डाग आहे. इतक्या वर्षांत पहिला. आणि हे लिहिताना मान खाली जाते, पण लिहितो: मला क्षणभर बरे वाटले. वाटले, कोणीतरी वाचले. ती बातमी होती, 'नेकनूर भागात मानमोडीचा जोर ओसरला असून लोकांनी भिण्याचे कारण उरलेले नाही.'

मी काय केले ते मला दोन महिन्यांनी कळले, तेही चाचींकडून. मी काही निमित्ताने गेलो होतो, हुसेनमियाँ बाहेर होते. चाची पदर सावरून म्हणाल्या, "पंडतजी, आमच्या पोरीच्या हातचं तेवढंच ऱ्हायलं होतं. ते बी तुमी अर्धं कापून नेलं." त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसले असते.

मी पळत घरी जाऊन वही घेऊन आलो. तोवर हुसेनमियाँ आले होते. तुकडा खळीने पक्का बसला होता. मी नखाने कड उचकटू लागलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. ओढू नका, फाटेल, असे म्हणाले. मी विचारले की त्याच वेळी मला का अडवले नाही. ते म्हणाले, "तुमचा मजकूर होता. मी तुमाला कसा अडवू?" मग मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली, निदान पाहून तरी घ्यावे म्हणून. त्यांनी मान फिरवली.

"आत्ता न्हाई," ते म्हणाले. "तिनं वाटी तडफडून लोटली, का पिताना ती तिच्या हातून सुटली, का घोट घिऊन तिनं ठिवली अन् मग कलंडली, ते मला ठावं न्हाई. मी पाण्याला गेलतो. माझ्याकडचा अर्धा डाग हाय, त्यावरनं दुसरा अर्धा मी काढंन. जमला का मग तुमचा बघू."

मला वाटते, त्यांना बघण्याची भीती वाटत होती. पण ज्याच्या डोळ्यांना डाग वाचता येतो, त्याने अशा डागाला भ्यावे यात मला काही वावगे दिसत नाही.

पुढची सहा वर्षे त्यांनी दुसरे चित्र काढले नाही. आधी खिडकी असलेला तो अंक समोर ठेवून, कापलेल्या कडेशी येऊन थांबणाऱ्या रेघा कुठे जात असतील ते ते वेगळ्या कागदावर काढीत. ते जमेना. मग त्यांनी वैद्यबुवांना तोच काढा मागितला. वैद्यबुवांनी रोगी कोण म्हणून विचारले, तर म्हणाले, कागद. वैद्यबुवांनी पुढे कधी विचारले नाही, दर आठवड्याला भांडे भरून पाठवीत राहिले. हुसेनमियाँ जुन्या अंकांवर ती वाटी हर तऱ्हेने सांडून पाहत. ढकलून, सोडून, ठेवून, डाव्या हाताने, पडल्या पडल्या. प्रत्येक डाग वाळेपर्यंत बसायचे आणि रेघा काढायच्या. छापलेल्या अक्षरांवरून काढा वेगळा पसरतो आणि कोऱ्या समासातून वेगळा, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा ते माझ्याकडून त्याच साप्ताहिकाचे, तेवढ्याच रुंद रकान्याचे कागद शोधून नेत. कापड वाळत घालायच्या दोऱ्या कागदांनी भरून गेल्या. बाजारच्या दिवशी लोक थांबून बघत आणि काही न विचारता पुढे जात. लोकांना गोष्ट माहीत होती.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांनी सांडणे बंद केले. म्हणाले की सांडणारा हात माझा आहे, तिचा नाही, हे सगळे डाग माझेच येतात. मग ते नुसतेच काढू लागले, आठवणीने. रेघा कमी होत गेल्या. शेवटच्या दीड वर्षातल्या कागदांवर एकच रेघ आहे, एका दमात काढलेली, कुठे इतकी बारीक की मला चष्मा लावून शोधावी लागते. आपल्या या भागात कोणाच्या हातून याहून चांगले काही उतरल्याचे मला माहीत नाही. हे मी लेखातल्या औपचारिकतेपोटी म्हणत नाही.

मोतीबिंदू याच काळात आला. वैद्यबुवांनी चार तऱ्हेची अंजने घालून पाहिली आणि मग स्वतःच कबूल केले की हे त्यांच्या हातचे काम नव्हे. जालन्याच्या बाजूला मोतीबिंदू काढणारा एक डॉक्टर आहे, त्याच्या हाताला यश आहे. हुसेनमियाँ शस्त्राला भिणारे नाहीत. गेल्या पावसाळ्यात ते तयार झाले. दिवाळीनंतर जायचे, वैद्यबुवांनी सोबत करायची, मोतीशेटांनी बैलगाडी द्यायची, असे ठरले.

कार्तिकात एके दिवशी त्यांनी मला वही घेऊन बोलावले. सहा वर्षांत प्रथमच. चाची उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी शेवटचा कागद माझ्यापुढे पसरला. त्यांच्याकडचा खरा अर्धा डाग, आणि त्याच्या खिडकीत बेमालूम बसवलेला, त्यांनी काढलेला दुसरा अर्धा. काठ कसा गोलसर वळून, शांतपणे परत येत होता. मी वही शेजारी ठेवली. हुसेनमियाँनी दोन्ही कागद आळीपाळीने डोळ्यांशी नेले, उजेडाकडे केले, आणि खाली ठेवले.

"मला दिसंना, पंडतजी. तुमी बघा. जुळतंय का?"

मी बघितले. मला बघायला फार वेळ लागला नाही.

"जुळलं," मी म्हणालो.

"पुरतं?"

"पुरतं."

त्यांनी वहीतल्या तुकड्यावरून हलकेच बोट फिरवले, जिथे खळीने कागदाला सुरकुती पडली आहे तिथे थांबले, आणि चाचींना म्हणाले, "तिनं वाटी ठिवली होती. लोटली नव्हती." चाचींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटले मी आयुष्यात एक तरी बरे काम केले.

आठ दिवसांनी मोतीशेटांनी गाडी पाठवली तेव्हा हुसेनमियाँनी ती परत केली. वैद्यबुवांनी समजावले, मीही समजावले. ते म्हणाले, "आता कशापायी? बघायचं ते झालं." बोरू आणि दौत त्यांनी फळीवर ठेवून दिली. रांजण आता एकच आहे, तोही चाची पाहतात. हुसेनमियाँ दाराशी ओढ्याकडे तोंड करून बसतात. मागच्या आठवड्यात चाची मला म्हणाल्या, "आधी दिवसभर कागदासंगं बोलायचे तरी. आता कोणासंगंच न्हाई." वैद्यबुवांच्या मते उजव्या डोळ्याची आशा नाही. डाव्याची आहे, पण येता उन्हाळा गेला की तीही राहणार नाही.

हुसेनमियाँच्या गुणांविषयी या ग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. त्यांनी गावातल्या प्रत्येक घरचा रंग वर्षानुवर्षे लक्षात ठेवला. मोतीशेटांच्या आईच्या मयताचे कापड त्यांनी मागितल्याशिवाय नेऊन दिले. आणि माझ्यासारख्या माणसाला त्यांनी माझ्या करणीबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. त्यांना दीर्घायुष्य मिळावे असे आपण सगळेच म्हणू. मी थोडे अधिक मागतो. ते आयुष्य त्यांनी डोळस जगावे.

समारंभाच्या दिवशी हा लेख वैद्यबुवा त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहेत. म्हणून, जे मला त्यांच्या दुकानात बसून सांगता आले नाही, ते इथे लिहितो. हुसेनमियाँ, ते जुळलेले नाही. तुमच्या कागदावरचा काठ एकीकडे जातो आणि माझ्या वहीतला दुसरीकडे. माझ्या तुकड्यावर काय आहे ते मी कोणाला सांगितलेले नाही आणि इथेही लिहीत नाही, कारण ते पहिल्याने बघण्याचा हक्क तुमचा आहे. वही मी वैद्यबुवांपाशी देऊन ठेवली आहे, जालन्याला जाताना ते ती बरोबर घेतील.

मला खरी काळजी आहे ती ही. हे ऐकून तुम्ही गाडीत बसाल, की एकदा खोटे बोललेल्या माणसाचे आता खरे कशाला मानायचे म्हणून दाराशीच बसून राहाल, हे मला माहीत नाही. आणि गाडीत बसलात, डोळा उघडला, तर वहीत जे आहे ते तुम्हाला सोसेल की नाही, हेही मला माहीत नाही.